चकचकीत पत्रा, पांढरा रंग आणि मे महिन्याचे ऊन

औसा तालुक्यातील एका शिक्षकांनी मला त्यांच्या घराविषयी काही प्रश्न विचारले आहेत. त्यांचे घर दोन खोल्यांचे असून वर नालीदार जस्ती पत्रा आहे. छताचे माप साधारण वीस फूट बाय पंधरा फूट. पत्रा दोनच वर्षांपूर्वीचा आहे आणि अजून चकचकतो. तरीही एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात थांबवत नाही, डोक्यावर कुणी निखारे धरल्यासारखे वाटते, असे ते लिहितात. त्यांचा मुख्य प्रश्न असा : "पत्रा आरशासारखा ऊन परतवतो, मग त्याला पांढरा रंग देऊन आणखी काय साधणार?" त्याखेरीज, शेजारी हिरवा रंग सुचवतात तो थंड असतो का, पांढऱ्या रंगाने हिवाळ्यात घर गारठेल का, शेजारच्या भावाच्या स्लॅबलाही रंग द्यावा का आणि छतावरच्या काळ्या टाकीतले पाणी इतके का तापते, असेही त्यांनी विचारले आहे. लातूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांत तीस वर्षे बांधकामाचे काम करताना हे प्रश्न मला शेकडो वेळा भेटले आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी थेट उत्तर. पत्र्याला पांढरा रंग अवश्य द्यावा. चकचकीत पत्रा पांढऱ्या पत्र्यापेक्षा बराच जास्त तापतो, आणि त्याचे कारण केवळ "रंग" या शब्दात मावत नाही.

कोणताही पृष्ठभाग उन्हात किती तापेल हे ठरवताना त्याचे दोन स्वभाव वेगवेगळे तपासावे लागतात. एक, अंगावर पडलेल्या उन्हापैकी तो किती शोषून घेतो. आणि दोन, तापल्यानंतर स्वतःची उष्णता तो आकाशाकडे किती मोकळेपणाने सोडून देतो. आपल्या डोळ्यांना फक्त पहिला स्वभाव दिसतो, आणि तोही अर्धाच. सूर्याकडून जमिनीवर पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा दृश्य प्रकाशात असते आणि उरलेल्यापैकी बहुतेक अवरक्त किरणांत असते, जे डोळ्यांना दिसत नाहीत. विल्यम हर्शेल यांनी इ. स. १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्याच्या तांबड्या कडेपलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला आणि पारा वर चढलेला पाहिला, तेव्हा हे अदृश्य ऊन प्रथम लक्षात आले. त्यामुळे दिसायला फिकट असलेला पृष्ठभाग उन्हाच्या त्या न दिसणाऱ्या अर्ध्या भागाशी कसा वागतो हे केवळ पाहून सांगता येत नाही.

दुसरा स्वभाव तर डोळ्यांच्या पूर्णपणे पलीकडचा आहे. साठ अंशांपर्यंत तापलेला पत्रा स्वतः जी उष्णता बाहेर टाकतो, ती फार लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत असते. या किरणांच्या बाबतीत पांढरा रंग, काळा रंग, गंज, सिमेंट, माती, वीट हे सारे जवळपास सारखेच उदार आहेत. त्या तापमानाला जेवढी उष्णता बाहेर टाकणे जास्तीत जास्त शक्य असते, तिच्या साधारण नव्वद टक्के ते टाकतात. धातूचा उघडा, चमकदार पृष्ठभाग मात्र याबाबत कमालीचा कंजूष असतो. नवा जस्ती पत्रा जेमतेम पाव हिस्सा सोडतो. म्हणजेच पांढरा रंग उन्हाला दारातून परत पाठवतो आणि आत आलेल्या थोड्या उष्णतेलाही बाहेरची वाट मोकळी ठेवतो. चकचकीत पत्रा मात्र निम्म्याहून जास्त ऊन परतवतो खरा, पण जे शोषतो ते धरून बसतो.

हे आकड्यांत मांडतो. मे महिन्यात निरभ्र आकाश असताना दुपारी आपल्याकडे आडव्या छतावर दर चौरस मीटरला नऊशे ते हजार वॅट ऊन पडते. या शिक्षकांचे छत तीनशे चौरस फूट, म्हणजे जवळपास अठ्ठावीस चौरस मीटर. याचा अर्थ, माध्यान्हीला त्या दोन खोल्यांच्या डोक्यावर पंचवीस किलोवॅटच्या आसपास ऊन कोसळत असते. एक किलोवॅटच्या पंचवीस विजेच्या शेगड्या छतावर पेटवून ठेवल्यासारखेच ते आहे. गंजून काळवंडलेला पत्रा त्यातले ऐंशी-पंच्याऐंशी टक्के शोषतो, नवा जस्ती पत्रा सुमारे चाळीस टक्के आणि चांगला पांढरा रंग दिलेला पत्रा वीस ते पंचवीस टक्के. हवा बेचाळीस अंश आणि वारा बेताचा धरून हिशेब मांडला, तर गंजलेला पत्रा सत्तर अंशांच्या आसपास, नवा चकचकीत पत्रा साठाच्या आसपास आणि पांढरा पत्रा शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर स्थिरावतो. वारा पडला की पहिले दोन आकडे आणखी वर जातात, पांढऱ्याच्या आकड्यात मात्र फारसा फरक पडत नाही, कारण त्याने मुळात घेतलेलेच थोडे असते.

यावर विश्वास ठेवण्यासाठी माझा शब्द पुरेसा मानू नये. मी स्वतः लोकांना एक साधा प्रयोग करून दाखवतो. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी उन्हात बर्फावर वेगवेगळ्या रंगांचे कापडाचे तुकडे पसरून काळा तुकडा सर्वांत खोल रुतल्याचे पाहिले होते. आपल्याकडे बर्फ नाही, पण मेण आहे. हातभर लांबीचे पत्र्याचे तीन तुकडे घ्यावेत : एक गंजका, एक नवा आणि एक नव्यावरच पांढऱ्या रंगाचे दोन हात दिलेला. तिन्ही तुकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांवर सपाट मांडावेत, म्हणजे खालच्या तापलेल्या जमिनीचा प्रश्न तिघांनाही सारखा राहील. दुपारी एकच्या सुमारास प्रत्येकाच्या मध्यभागी पांढऱ्या मेणबत्तीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा ठेवावा. साधे मेण पंचावन्न ते साठ अंशांच्या दरम्यान वितळते. गंजक्या पत्र्यावरचा तुकडा बघता बघता बसतो, त्याची कड पारदर्शक होते आणि तो नालीतून ओघळू लागतो. नव्या चकचकीत पत्र्यावरचा तुकडा थोडा वेळ तग धरतो, मग खालून मऊ होऊन सरकतो. पांढऱ्यावरचा तुकडा मात्र जागचा हलत नाही. बोटाने दाबला तर थोडा मऊ लागतो, एवढेच. जी गोष्ट तासभर समजावून सांगितली तरी गळी उतरत नाही, ती हा मेणाचा तुकडा अर्ध्या तासात पटवतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे, कारण अलीकडे पुष्कळांच्या हाती पिस्तुलासारखा अवरक्त तापमापक आला आहे. हे यंत्र पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या किरणांवरून तापमानाचा अंदाज करते आणि समोरचा पृष्ठभाग नव्वद-पंच्याण्णव टक्के उदार आहे असे गृहीत धरते. चमकदार पत्र्यासमोर ते साफ फसते. पत्र्यात प्रतिबिंबित झालेले थंड आकाश मोजून ते इतके कमी तापमान दाखवते की पाहणाऱ्याला पत्रा गारच आहे असे वाटावे. त्याच पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसतो. म्हणून पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा घट्ट चिकटवावा, दहा मिनिटे थांबावे आणि यंत्र अगदी जवळ धरून त्या टेपवर मापावे. रंग दिलेल्या, गंजलेल्या किंवा सिमेंटच्या पृष्ठभागावर अशी टेप लागत नाही.

आता पत्र्याच्या खालच्या बाजूविषयी. याबाबत मी स्वतः एक चूक केलेली आहे आणि ती इतरांनी करू नये असे मला मनापासून वाटते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेच्या वर्गखोल्यांचे पत्रे आतून गंजू नयेत म्हणून मी आतल्या बाजूला पांढरा तैलरंग देण्याचा सल्ला दिला. वरची बाजू तशीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तेथील शिक्षकांनी सांगितले की मुलांना वर्गात पूर्वीपेक्षा जास्त झळ लागते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. जो कंजूषपणा पत्र्याच्या वरच्या बाजूला आपल्याला नडतो, तोच खालच्या बाजूला आपले रक्षण करत असतो : उघडा जस्ती पत्रा खोलीच्या दिशेने पाव हिस्साच उष्णता फेकतो. त्यावर रंग चढवला, मग तो पांढरा का असेना, की तो खाली नव्वद टक्के फेकू लागतो. थोडक्यात, वरून पांढरा आणि खालून उघडी धातू, ही जोडी सर्वांत उत्तम. खाली आच्छादन बसवायचेच असेल, तर ॲल्युमिनियमचा चंदेरी थर असलेला फोम बसवावा. पत्रा आणि त्या थरात दोन-तीन इंचांची पोकळी ठेवावी.

"सिल्व्हर पेंट" या चंदेरी रंगाबद्दलही येथेच सांगून टाकतो. पत्र्याच्या शेडला तो सर्रास दिला जातो आणि दिसायला तो उजळ असतो, पण ऊन परतवण्यात तो पांढऱ्यापेक्षा उणा पडतो आणि घेतलेली उष्णता सोडण्यातही मागे राहतो. गंज रोखण्यासाठी तो ठीक आहे. उकाड्यासाठी पांढराच हवा.

हिरव्या रंगाचा समज झाडाच्या पानावरून आला असावा. लिंबाखाली थंड वाटते, पान हिरवे असते, म्हणून हिरवा रंग थंड, असा तो विचार. परंतु पानाचा हिरवेपणा आणि रंगाच्या डब्यातला हिरवेपणा यांत फार मोठे अंतर आहे. पान दृश्य प्रकाश भरपूर शोषते, तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त किरणांपैकी निम्म्याच्या आसपास परतवून लावते. शिवाय ते सतत पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवते. पत्र्यावरचा साधा हिरवा, निळा किंवा तांबडा रंग यांतले काहीच करत नाही आणि साठ-सत्तर टक्के ऊन सहज शोषतो. रंगीत पत्रा घेणे भागच असेल, तर दुकानात मिळणाऱ्या छटांपैकी पांढरी किंवा दुधी निवडावी. जवळचे अवरक्त किरण परतवणारी खास रंगद्रव्ये घातलेले गडद रंगही आता बनतात. ते त्याच छटेच्या साध्या रंगापेक्षा कमी तापतात, पण पांढऱ्याची बरोबरी करत नाहीत.

छतालाच एवढे महत्त्व का, भिंतींना का नाही, असे विचारले जाते. याचे उत्तर आपल्या अक्षांशात आहे. औसा, लातूर या भागात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, तर छत्रपती संभाजीनगरला त्यानंतर आठवडाभराने सूर्य माध्यान्हीला नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. ज्या काळात ऊन सर्वांत प्रखर असते, त्याच काळात ते छतावर सरळ पडते आणि भिंतींना भर दुपारी जवळजवळ शिवतही नाही. सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते, म्हणून हाताशी पैसे उरले तर पश्चिमेची भिंत उजळ करावी. दक्षिणेकडच्या भिंतीचा उन्हाळ्याशी फारसा संबंध नाही.

हिवाळ्याच्या शंकेचे उत्तरही यातूनच मिळते. डिसेंबरमध्ये माध्यान्हीचा सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून अट्ठेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, दिवस लहान असतो आणि छतावर मिळणारी ऊब नेमकी दुपारी मिळते, जेव्हा तिची कुणालाच गरज नसते. परभणीकडे थंडी कडक पडते ती पहाटे, आणि पहाटेच्या थंडीशी दुपारच्या उन्हाचा पातळ पत्र्यापुरता काही संबंध उरत नाही, कारण सूर्य मावळल्यावर तासाभरात पत्रा सारे सोडून देतो. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे की रंग दिलेला पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता जास्त सोडत असल्याने चकचकीत पत्र्यापेक्षा थोडा अधिक गार पडतो. हिवाळ्यातील काही रात्री त्याचा त्रास होईल, उन्हाळ्यातील सगळ्या रात्री त्याचा फायदा होईल.

भावाच्या स्लॅबचा विचार जरा वेगळा आहे आणि तो करताना मला नेहमी माळवदाची आठवण येते. आपल्या भागातील जुन्या घरांवर लाकडी तुळया, त्यांवर किलच (लाकडाच्या पातळ चिरफळ्या) आणि त्यावर गावठाणातल्या पांढरीच्या मातीचा जाड थर असे. माती फिकट, त्यामुळे ऊन बरेचसे परत जाई. थर जाड, त्यामुळे दिवसाची उष्णता खाली उतरेपर्यंत रात्र होई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड माळवदांनी आणि दगडमातीच्या भिंतींनी हजारो माणसे गाडली, आणि त्यानंतर लोकांनी माळवदाकडे पाठ फिरवली हे अगदी योग्यच झाले. जिवापुढे उकाड्याला किंमत नाही. परंतु माळवद उतरवताना त्याचे वजन जसे गेले तसा त्याचा फिकट रंगही गेला, आणि त्या जागी आलेला राखाडी स्लॅब किंवा गंजणारा पत्रा बरेच जास्त ऊन प्यायला लागला. वजन परत आणायचे नाही. रंग परत आणता येतो.

चार-पाच इंचांच्या स्लॅबमध्ये उष्णता वरून खाली यायला साधारण तीन ते चार तास लागतात. म्हणून पत्र्याचे घर दुपारी जाळते आणि स्लॅबचे घर संध्याकाळी सातनंतर, जेवणाच्या नि झोपण्याच्या वेळी, धग सोडू लागते. पंखा लावला तर तो छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. अशा स्लॅबला रंग दिल्याने त्यात उष्णता साठण्याचेच थांबते. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये छते थंड राखण्याचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, ते याच कारणाने.

स्लॅबसाठी सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे चुना. कळीचा चुना रात्रभर पाण्यात विरवावा, दुसऱ्या दिवशी कापडातून गाळावा आणि चिकटपणासाठी त्यात थोडा फेविकॉल मिसळावा. चुना विरताना पाणी उकळते आणि अंगावर उडते. मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा. गच्ची स्वच्छ झाडून, ओली करून, सकाळच्या उन्हात दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात पापुद्र्यांनी निघतो. ओला असताना चुना फिका, पाणचट दिसतो, म्हणून माणसे घाबरून आणखी थापतात. वाळल्यावर, हवेतील कर्बवायू घेऊन तो जसजसा घट्ट होतो, तसतसा पांढरा होत जातो. होळीच्या आधी हे काम झाले म्हणजे पूर्ण उन्हाळा पदरात पडतो. पावसाळ्यात चुना बराच धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी एक हात द्यावा लागेल.

पत्र्याला मात्र चुना देऊ नये. तो गुळगुळीत जस्तावर धरत नाही आणि ओल्या चुन्याचा तीव्र क्षार जस्ताच्या थरालाच खातो. पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढावा, जस्ती पत्र्यासाठी असलेला प्राइमर एक हात द्यावा आणि वर पाण्यात मिसळणाऱ्या, बाहेरच्या कामाच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. साधा तैलरंग थेट जस्तावर दिला तर दोन-तीन वर्षांत त्याच्या पापड्या सुटतात. रंगाचा हिशेब करताना नालीमुळे पत्र्याचे खरे क्षेत्रफळ मापापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त भरते, हे ध्यानात ठेवावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे घर असेल, तर तो कधीही तारेच्या ब्रशने घासू नये, कारण त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात आणि ते श्वासात जाणे घातक असते. तो ओला करून मऊ झाडूने झाडावा आणि वर रंग द्यावा. कोणत्याही पत्र्यावर चढताना पाय खिळ्यांच्या रांगेवर, म्हणजे खालच्या आधारावरच टाकावा.

पांढरेपणाचा शत्रू धूळ आहे. मार्चपासून उडणारा काळ्या रानाचा फुफाटा दोन महिन्यांत छतावर राखाडी साय धरतो, आणि तेवढ्याने परतणाऱ्या उन्हाचा मोठा भाग कमी होतो. पिण्याच्या पाण्याचे टँकर येतात अशा गावात छत धुवा असे मी म्हणणार नाही. मऊ झाडूने पंधरा दिवसांतून एकदा झाडले आणि भांडी धुतल्यानंतरच्या पाण्यात भिजवलेले फडके फिरवले तरी पुरते. छतावरचे पावसाचे पाणी साठवत असाल, तर रंग किंवा चुना दिल्यानंतरचे पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्यावेत.

राहिली टाकी. प्लास्टिकची टाकी काळी असते ती कारणाशिवाय नाही. तो काळेपणा उजेड आत जाऊ देत नाही, त्यामुळे शेवाळ धरत नाही, आणि त्यातील काजळी प्लास्टिकचे उन्हापासून रक्षण करते. पण तीच टाकी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊन शोषते आणि दुपारी नळाला हात भाजणारे पाणी येते. नवी घ्यायची असल्यास बाहेरून पांढरी व आतून काळा थर असलेली घ्यावी, म्हणजे दोन्ही कामे साधतात. आहे तीच वापरायची असल्यास तिला रंग देण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्या प्लास्टिकवर रंग टिकत नाही. टाकीभोवती चार बांबू रोवून वरून आणि पश्चिमेकडून पांढरी शेडनेट बांधावी, मात्र जाळी टाकीला टेकू देऊ नये. दोघांमध्ये वीतभर अंतर राहिले म्हणजे मधून वारा खेळतो.